दहा लाख सुटले, असं वाटलं होतं

मागच्या महिन्यात माझ्या मावसबहिणीचा मुलगा लॅपटॉप काखेत मारून घरी आला. वय 27, मकरपुऱ्याच्या एका कंपनीत नोकरी, लग्नाचं बघणं चालू. "मामा, तू फ्लॅट घेऊन विकला होतास ना? मला जरा हिशेब बघून दे." स्क्रीनवर एक्सेलचं पान उघडलेलं होतं. समा भागातला बारा वर्षं जुना टू बीएचके. मालक 50 लाख म्हणतो. तीन लाखांत रंगकाम आणि नवं किचन, मग वर्षभरात 60 लाखांना विकायचा. शेवटच्या ओळीत हिरव्या रंगात आकडा होता: नफा 7 लाख.

ही कल्पना त्याला मोबाइलवरच्या रीलमधून मिळाली होती. मी हसलो नाही. 2022 साली मी हेच केलं होतं, आणि तेव्हा मी 27 वर्षांचाही नव्हतो.

आपल्या बडोद्यात दर दुसऱ्या मराठी घरात आज हा विषय निघतो. आजोबांनी दांडिया बाजारातल्या वाड्यात भाड्याने दिवस काढले, वडिलांनी कारेलीबागेत किंवा मांजलपूरला टेनामेंट बांधलं, आणि आता तिसऱ्या पिढीच्या हातात पगार आहे, बँकेचं कर्ज आहे आणि घर हा "इन्व्हेस्टमेंट"चा मामला झाला आहे. त्यात वाईट काही नाही. पण राहायचं घर आणि कमाईचं घर यांचा हिशेब आपण एकाच वहीत लिहितो, आणि गडबड तिथेच होते. माझी कशी झाली, ते आधी सांगतो.

माझा सौदा

मार्च 2022 मध्ये गोत्रीकडचा एक रिसेल फ्लॅट मी 38 लाखांना घेतला. मालकाला घाई होती, भाव बरा वाटला. 25 लाख कर्ज, बाकी माझे. दीड वर्षाने, सप्टेंबर 2023 मध्ये, तो 48 लाखांना विकला. दहा लाख सुटले! त्या रात्री आम्ही सगळे बाहेर जेवायला गेलो. बिल मीच दिलं.

आता तोच हिशेब रुपया-रुपयाने मांडतो. गुजरातेत दस्तावेजावर स्टॅम्प ड्यूटी 4.9 टक्के, म्हणजे 1,86,200 रुपये. नोंदणी फी 1 टक्का, 38,000. (फ्लॅट एकट्या बायकोच्या नावावर घेतला असता तर ही नोंदणी फी माफ होती. फक्त स्त्रिया खरेदीदार असतील तरच ती माफ होते, नवराबायकोचं जोडनाव असेल तर नाही. हे मला दस्तावेज झाल्यावर कळलं, आणि बायकोला त्यानंतर लगेच.) दलालाचा 1 टक्का, 38,000. सोसायटीची ट्रान्सफर फी 25,000. वकील, कर्जाची प्रोसेसिंग फी आणि किरकोळ मिळून 35,000. दुरुस्ती 3,60,000. म्हणजे 38 लाखांचा फ्लॅट मला 44,82,200 रुपयांना पडला, आणि अजून कर्जाच्या व्याजाचा विषयसुद्धा निघालेला नाही.

व्याजाचं नशीब तर असं, की मी कर्ज घेतलं आणि दोन महिन्यांच्या आत, मे 2022 मध्ये, रिझर्व्ह बँकेने रेपो दर वाढवायला सुरुवात केली. 4 टक्क्यांवरून फेब्रुवारी 2023 पर्यंत तो 6.5 वर गेला. माझं कर्ज रेपोशी जोडलेलं. सातच्या आसपास सुरू झालेला व्याजदर नऊच्या पुढे पोचला. दीड वर्षात व्याजापोटी जवळजवळ 3 लाख गेले. मेंटेनन्स आणि वेरा 41,400. विकताना दलालाला पुन्हा 48,000.

बेरीज-वजाबाकी केली तर 71,600 रुपयांचा तोटा. आणि मग कर.

घर 24 महिन्यांच्या आत विकलं की फायदा अल्पमुदतीचा धरला जातो आणि तो तुमच्या नेहमीच्या उत्पन्नात मिळवून स्लॅबप्रमाणे कर लागतो. माझा स्लॅब 30 टक्क्यांचा. सीएने विचारलं, दुरुस्तीची बिलं? मी एका प्लास्टिकच्या पिशवीतून चिठ्ठ्या काढून दिल्या. रंगाऱ्याला रोख, प्लंबरला रोख, सुताराच्या वहीतलं फाडलेलं पान. 3,60,000 पैकी 1,40,000 रुपयांचंच काम धरता आलं. ते नवं किचन आणि बाथरूमचं, पक्क्या बिलाचं काम होतं. घरात भर घालणारं काम खर्चात धरलं जातं. साधं रंगकाम आणि डागडुजी त्यात बसत नाही. कर्जाचं व्याजही त्याने या हिशेबात घेतलं नाही. त्यामुळे कागदावर मला 4,89,800 रुपयांचा फायदा झाला आणि त्यावर सेससह सुमारे 1,52,800 रुपये कर भरावा लागला.

म्हणजे तोटा झालेल्या सौद्यावर मी दीड लाख कर भरला. एकूण सव्वादोन लाख गेले. माझे स्वतःचे जे वीसेक लाख दीड वर्ष त्यात अडकून पडले, त्यांचं एफडीचं व्याज मी अजून धरलेलंच नाही. धरणारही नाही.

भाच्याला हे सगळं सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "पण मामा, तू सहा महिने थांबला असतास तर?" प्रश्न बरोबर होता. 24 महिने झाले असते तर कर खूपच कमी बसला असता. पण सहा महिन्यांचं व्याज आणि मेंटेनन्स वर गेलं असतं, आणि हातात आलेलं गिऱ्हाईक थांबलं नसतं. घेऊन-विकून कमावणारे लोक आहेत, मी ओळखतोही. पण ते कर्जावर घेत नाहीत, रंगारी-सुतार त्यांचे ठरलेले असतात, आणि मुख्य म्हणजे ते घेतानाच बाजारभावाच्या बरंच खाली घेतात. लिलावातलं, भांडणातलं, घाईतलं. नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी हे जमत नाही, असं माझं मत. कुणाला जमलं असेल तर कळवा, मला शिकायला आवडेल.

भाच्याचं एक्सेल

मग त्याचा हिशेब पुन्हा मांडला. 50 लाखांच्या घराला बँक जास्तीत जास्त 80 टक्के, म्हणजे 40 लाख देते. (30 लाखांपर्यंतच्या कर्जाला घराच्या किमतीच्या 90 टक्क्यांपर्यंत, 30 ते 75 लाखांच्या कर्जाला 80, त्यावर 75, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे.) स्टॅम्प ड्यूटी आणि नोंदणी बँक सहसा किमतीत धरत नाही. म्हणजे घरचे 10 लाख, वर स्टॅम्पचे 2,45,000, नोंदणीचे 50,000, दलाल, वकील आणि दुरुस्तीचे तीन. सतराएक लाख रोकड हातात हवी. त्याच्या एक्सेलमध्ये 13 होते.

हप्ता? 40 लाख, साडेआठ टक्के, 20 वर्षं: महिन्याला 34,713 रुपये. पहिल्या तीन वर्षांत त्याने जवळजवळ साडेबारा लाख भरले तरी मुद्दल फक्त 2 लाख 60 हजारांनी कमी होतं. बाकी 9 लाख 89 हजार नुसतं व्याज. हा आकडा मी मुद्दाम त्याच्या आईलाही फोनवर सांगितला, कारण "भाडं म्हणजे पाण्यात गेलेले पैसे" हे वाक्य त्याने तिच्याकडूनच ऐकलं होतं. तसाच फ्लॅट त्या भागात 14 हजारांनी भाड्याने मिळतो. तीन वर्षांचं भाडं 5 लाखांच्या आसपास. पाण्यात दोन्हीकडे पैसे जातातच. फक्त व्याजाचे जातात तेव्हा आपल्याला घराचे मालक झाल्यासारखं वाटतं.

याचा अर्थ घर घेऊ नका असा नाही. आठ-दहा वर्षं त्याच गावात, त्याच घरात राहायचं असेल तर घ्यावं, आणि हाती पैसा आला की मुद्दल फेडत जावं. व्यक्तीच्या फ्लोटिंग दराच्या गृहकर्जावर बँक मुदतीआधी फेडल्याचा दंड घेऊ शकत नाही. पण दोन वर्षांनी पुण्याला किंवा बंगळुरूला बदली होण्याची शक्यता असेल, तर भाड्यानेच राहावं आणि आईला समजवावं. जुन्या करपद्धतीत असाल तर आणखी एक गोष्ट: मुद्दलाच्या हप्त्यावर जी करसवलत घेतली असेल, ती घर पाच वर्षांच्या आत विकलं की परत उत्पन्नात येते.

भाच्याच्या सौद्यात अजून एक खोच होती. मालक म्हणाला होता, "दस्तावेज 40 चा करू, 10 रोख." मी त्याला सरळ नको म्हटलं. कायद्याने घराच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्यावर रोख घेता येत नाही, घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो. बँक दस्तावेजाच्या रकमेवरच कर्ज देणार, म्हणजे दहा लाख रोख उभे करायचे ते पुन्हा याच्याच खिशातून. आणि उद्या हा विकायला निघाला की याची खरेदी कागदावर 40 ची, मग 10 लाखांचा जास्तीचा फायदा आणि त्यावर कर हा भरणार. मालकाचा कर वाचवायचा आणि आपण भरायचा, एवढं नातं अजून जुळलेलं नव्हतं. शिवाय जंत्रीपेक्षा दस्तावेज खाली गेला, तर 10 टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो, त्यापुढे दोघांच्याही मागे आयकर लागतो. 15 एप्रिल 2023 पासून जंत्रीचे दर वाढले आहेत, तेव्हा जुन्या माहितीवर बोलणाऱ्या दलालाचं ऐकू नये.

कागद आणि पाणी

कागदांची यादी कुठलाही वकील देतो, ती इथे पूर्ण लिहीत नाही. निदान 30 वर्षांचा सर्च, दस्तावेजांची साखळी, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट आणि नो-ड्यूज, वेऱ्याचं आणि लाइटचं ताजं बिल. मला स्वतःला ज्या गोष्टींनी त्रास दिला किंवा वाचवलं, तेवढ्याच सांगतो.

पहिली, बी.यू. परमिशन. इमारत मंजूर नकाशाप्रमाणे बांधली गेली आणि वापरायला परवानगी मिळाली, याचा तो कागद. "सगळी बिल्डिंग राहतेय की" हे उत्तर नव्हे. बाल्कनी आत घेतलेली असेल किंवा खालच्या पार्किंगमध्ये दुकान काढलेलं असेल, तर इम्पॅक्ट फी भरून ते नियमित झालंय का, ते विचारा. नव्या इमारतीत बी.यू. आधी फ्लॅट घेतला तर 5 टक्के जीएसटी लागतो (परवडणाऱ्या गटातल्या घरांना 1 टक्का), बी.यू. नंतर लागत नाही. रिसेलला तर नाहीच.

दुसरी, क्षेत्रफळ. दलाल "बाराशे स्क्वेअर फूट" म्हणतो ते सुपर बिल्टअप. टेप घेऊन मोजा. आत सातशे-सव्वासातशे निघाले तर आश्चर्य नको. रेरात नोंदलेल्या प्रकल्पात कार्पेट क्षेत्रफळच सांगावं लागतं, आणि नोंदणीकृत कराराशिवाय बिल्डर किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेऊ शकत नाही. गुजरेराच्या साइटवर प्रकल्पाचे सगळे कागद घरबसल्या दिसतात. बुकिंगच्या आधी एक संध्याकाळ तिथे घालवा.

तिसरी, जुन्या शहरात किंवा त्याच्या आसपास घर घेणार असाल तर तो भाग अशांत धाऱ्यात येतो का, हे पाहा. येत असेल तर विक्रीआधी कलेक्टरची परवानगी लागते, तिच्याशिवाय झालेला व्यवहार टिकत नाही. फाइलला वेळ लागतो. तो धरूनच बानाखताची मुदत लिहा. मी एका मित्राच्या वेळी पाहिलंय, बानाखतात 60 दिवस लिहिले, परवानगीला त्याहून जास्त लागले आणि मालकाने भाव वाढवून मागितला.

आणि चौथी आपली खास बडोद्याची, विश्वामित्री. जुलै 2019 आणि ऑगस्ट 2024, दोन्ही वेळा या नदीने शहराला कुठवर यायचं ते दाखवून दिलं. घर दाखवणारा दलाल हे कधी बोलणार नाही. सोसायटीच्या वॉचमनला विचारा, समोरच्या किराणावाल्याला विचारा, मीटर बोर्ड कुठल्या उंचीवर आहे ते बघा. पुरानंतर लोकांनी मीटर वर चढवले आहेत, त्यावरून सगळं कळतं. वरच्या मजल्यावर घेतलं तरी लिफ्ट, पाण्याची मोटर आणि गाड्या खालीच असतात. घराचा विमा सहसा फक्त बँकेने अडवलं तरच उतरवला जातो. 1 एप्रिल 2021 पासून सगळ्या साधारण विमा कंपन्यांना "भारत गृह रक्षा" नावाची एकसारखी पॉलिसी द्यावी लागते, तिच्यात पूर धरलेला असतो. आमच्या घराचा विमा नव्हता.

बाबांचं टेनामेंट

आता या लेखातला मला लिहायला जड जाणारा भाग.

बाबांनी 1987 साली कारेलीबागेत टेनामेंट बांधलं. 2021 मध्ये ते गेले. मृत्युपत्र केलेलं नव्हतं, "मला काय घाई आहे" म्हणून. वारसाईत चार नावं लागली: आई, मी, पुण्याचा भाऊ आणि न्यू जर्सीची बहीण. चौघांचा सारखा हिस्सा. "घर आता मुलांचं" असं आपण बोलतो, पण मृत्युपत्र नसेल तर आईचा हिस्सा मुलांएवढाच असतो, आणि तिच्या सहीशिवाय काही होत नाही. बाबांचं नाव प्रॉपर्टी कार्डावर एक, लाइट बिलावर दुसरं आणि पेन्शनच्या कागदावर तिसऱ्याच स्पेलिंगने, त्यामुळे वारसाईलाच काही महिने गेले. तुमच्या घरी वडीलधारे असतील तर याच आठवड्यात तीन कागद शेजारी-शेजारी ठेवून नाव जुळतंय का ते बघा. फार नाजूक विषय न काढता करता येण्यासारखं काम आहे.

आई माझ्याकडे राहायला आली आणि घर बंद पडलं. बहीण म्हणाली विका. भाऊ म्हणाला, बाबांची आठवण आहे, भाड्याने देऊ. वेरा, मेंटेनन्स, वाळवीचं औषध मात्र इथे राहणाऱ्याने भरायचं. मी त्याच्यावर चिडलो होतो, हे कबूल करतो. दिवाळीत फोनवर दोघंही जे बोललो ते लिहिण्यासारखं नाही.

नोव्हेंबर 2022 मध्ये भाडेकरू ठेवला. महिना 18 हजार, दोन महिन्यांचं डिपॉझिट, 11 महिन्यांचा करार. अकराच का, तर एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेकरार नोंदवावा लागतो. भाडेकरूची माहिती पोलिस ठाण्यात दिली. हे टाळू नका. भिंतींचे, नळांचे, पंख्यांचे फोटो दोघांनी मिळून काढले आणि करारासोबत जोडले. पुढे डिपॉझिटवरून वाद झाला नाही तो या फोटोंमुळे.

एक गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे. लग्नानंतर आम्ही भाड्याचं घर शोधत होतो तेव्हा "नॉनव्हेज खाता का?" या प्रश्नावर तीन घरं हातची गेली होती. बायको कोकणातली, मासे सोडणं शक्य नव्हतं. आणि आता मालक झाल्यावर पहिल्याच भाडेकरूला माझ्या तोंडून तोच प्रश्न निघाला. बायको शेजारी उभी होती. तिने फक्त माझ्याकडे बघितलं. पुढच्या माणसाला मी तो विचारला नाही. नंतर तेच कुटुंब आलं, आणि त्यांनी घर आमच्यापेक्षा स्वच्छ ठेवलं.

भाड्याचा हिशेब असा. 18 हजारांप्रमाणे वर्षाला दोन लाखांच्या वर दिसतात. त्यातून वेरा, मोटरची दुरुस्ती, गच्चीचं वॉटरप्रूफिंग, मधला रिकामा महिना. हातात वर्षाला दीड लाखाच्या जवळपास यायचे. घराची किंमत तेव्हा नव्वदीच्या घरात. म्हणजे दोन टक्क्यांहून कमी. फ्लॅट असला तरी चित्र फार बदलत नाही. माझा तो गोत्रीचा फ्लॅट न विकता भाड्याने दिला असता तर, मेंटेनन्स वगैरे जाऊन, सव्वादोन टक्के. भाड्याच्या उत्पन्नावर कर भरताना वेरा वजा होतो आणि उरलेल्यातून सरसकट 30 टक्के खर्चापोटी सोडतात, एवढाच दिलासा. भाड्यासाठी घर घेणारा खरं म्हणजे किंमत वाढण्यावर पैसे लावत असतो. भाडं त्यात चहापाण्यापुरतं.

ऑगस्ट 2024 च्या पुरात आमच्या दिवाणखान्यात कमरेपर्यंत पाणी आलं. भाडेकरूंचं फ्रिज, वॉशिंग मशीन, मुलीची पुस्तकं, सगळं गेलं. ते सोडून गेले, मी डिपॉझिट पूर्ण परत केलं आणि शेवटच्या महिन्याचं भाडं घेतलं नाही. भावाने तेव्हा पहिल्यांदा न मागता पैसे पाठवले. पाणी ओसरल्यावर तो आलाही. आम्ही दोघांनी मिळून गाळ काढला, आणि बाबांच्या कपाटाची फुगलेली दारं ओढून तोडताना तो म्हणाला, "विकू या."

तरी वर्ष गेलं. पुराआधी 95 ला विचारणारे आता 80 म्हणत होते. 2025 च्या ऑक्टोबरात 88 लाखांना दस्तावेज झाला, प्रत्येकाचे 22. असं घर 2001 च्या आधीचं असेल तर 1 एप्रिल 2001 ची किंमत खरेदी म्हणून धरता येते. ती नोंदणीकृत व्हॅल्युअरकडून काढून घ्यावी, फक्त त्या वेळच्या सरकारी दरापेक्षा ती जास्त धरता येत नाही. आमची 11 लाख निघाली, माझ्या हिश्श्याची 2,75,000. 23 जुलै 2024 च्या आधी घेतलेल्या घराला भारतात राहणाऱ्यांसाठी दोन पर्याय आहेत: महागाईचा निर्देशांक लावून 20 टक्के, किंवा न लावता साडेबारा. पहिल्याने माझा कर 2,33,200, दुसऱ्याने 2,40,625. फरक साडेसात हजारांचा. काही घरांत तो लाखांत जातो, म्हणून दोन्ही करून बघायचे. बहिणीला हा पर्याय नाही, तिला साडेबाराच. शिवाय परदेशात राहणाऱ्याच्या हिश्श्यावर खरेदीदार एक टक्का नव्हे, मोठा कर कापून ठेवतो, तोही पूर्ण रकमेवर. तो कमी करायचा तर दस्तावेजाआधीच आयकर खात्याकडून दाखला आणावा लागतो. तिने जूनमध्ये अर्ज करायला घेतला म्हणून वेळेत मिळाला.

कर वाचवायचे रस्ते सीएने सांगितले. दोन वर्षांत दुसरं राहतं घर घेणं किंवा तीन वर्षांत बांधणं, नाहीतर सहा महिन्यांत ठरावीक सरकारी बाँड, 50 लाखांपर्यंत, पाच वर्षं बंद. भावाने पुण्यातल्या घरात घातले. आईला बाँड सुचवले तेव्हा ती म्हणाली, "पाच वर्षं? मी 76 ची आहे." तिने कर भरला आणि 18 लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवले. 8.2 टक्के, दर तीन महिन्यांनी 36,900 रुपये तिच्या स्वतःच्या खात्यात. गरज पडली तर थोडं कापून मुदतीआधीही मिळतात.

माझी समजूत होती की घर विकल्याचं दुःख सगळ्यात जास्त तिला होईल. दस्तावेजाच्या दिवशी सब-रजिस्ट्रार ऑफिसात अंगठा आणि फोटो देऊन ती बाहेर आली, बाकावर बसली आणि म्हणाली, "भाडं आलं का, म्हणून तुला दर महिन्याला विचारायचा मला कंटाळा आला होता." तीन वर्षांत तिने हे एकदाही बोलून दाखवलं नव्हतं. घराबद्दल भाऊ, बहीण आणि मी इतके भांडलो, पण तिला काय हवं ते आमच्यापैकी कुणीच विचारलं नव्हतं.

भाच्याचं काय झालं? त्याच्या एक्सेलमध्ये आम्ही अकरा नव्या ओळी घातल्या. हिरवा आकडा लाल झाला. लॅपटॉप बंद करून तो थोडा गप्प बसला, मग सेव-उसळ खायला गेला. दोन दिवसांनी समाच्या त्या सोसायटीत एकटाच जाऊन आला. वॉचमनला विचारलं, पाणी कुठपर्यंत होतं? वॉचमनने काही न बोलता हात छातीला लावून दाखवला.

काल त्याचा मेसेज आला: "मामा, टोकन दिलं नाही. पण आईने एक स्थळ सांगितलंय, मुलगी इथलीच, नोकरीही इथेच. तेव्हा विकायला नाही, राहायला बघतोय. मांजलपूरला एक आहे, तिसरा मजला, बी.यू. आहे म्हणतो. शनिवारी येशील?"

जाणार आहे. टेप माझ्याकडे आहे, गाडीतच ठेवली आहे.